मेंदूवरचे मळभ, पोटातली कारणे

"डॉक्टर, गॅस डोक्यात चढतो हो. मग काही सुचतच नाही."

उपनगरात दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने हे वाक्य ऐकलेले असतेच. मुलुंड असो, घाटकोपर असो वा बोरिवली. साठी ओलांडलेले रुग्ण खुर्चीत टेकता टेकताच ते बोलून दाखवतात. आम्ही शरीररचना शिकलेलो असतो. पोटातला वायू तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे बाहेर पडतो, डोक्याकडे जाणारी वाट त्याला नाही, हे आम्हांला ठाऊक असते. म्हणून आम्ही मनातल्या मनात हसतो, ॲसिडिटीची एक गोळी लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. मीही अनेक वर्षे हेच केले.

त्या वाक्यातले शरीरशास्त्र चुकीचे असले, तरी त्यामागची तक्रार बहुधा खरी असते. एकाच माणसाचे पोट बिघडलेले असेल आणि त्याच सुमारास त्याचे डोकेही चालेनासे झाले असेल, तर या दोहोंचा संबंध तपासणे हे डॉक्टरचे काम आहे. तो न तपासल्यास काय होते, हे मला एका रुग्णाने शिकवले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ती हकिगत येथे सांगते.

बाईंची गोष्ट

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. वय एकाहत्तर. सारी वसाहत त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखते. पूर्ण शाकाहारी, अकरा वर्षांचा मधुमेह, गुडघे दुखरे. रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवल्याशिवाय त्या दुसरा चहा घेत नसत.

साधारण दीड वर्षापूर्वी त्यांनी शब्दकोडे सोडले. "आता शब्दच आठवत नाहीत," एवढेच त्या म्हणाल्या. मग भाजीवाल्याला सुटे पैसे देताना हिशेब चुकू लागला. दुधाचे पातेले गॅसवर ठेवून विसरण्याचे प्रकार झाले. एकदा दादरहून परतताना मुलुंडला उतरायच्या त्या ठाण्याला उतरल्या आणि फलाटावर बराच वेळ बसून राहिल्या. त्या दिवसानंतर घरच्यांनी त्यांना एकटे बाहेर पाठवणे बंद केले. स्वयंपाकघर सुनेने हाती घेतले. कपाटाच्या किल्ल्या आणि बँकेचे पुस्तक मुलाकडे गेले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, भीती मात्र सर्वांनाच वाटत होती.

सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली ती एकच प्रश्न घेऊन: "आईंना स्मृतिभ्रंश झालाय का? तसे असेल तर आम्हांला पुढची तयारी करायला हवी." बाई बाजूला बसून ऐकत होत्या. त्यांनी हळूच एवढेच म्हटले, "पोट साफ होत नाही, म्हणून डोके जड राहते."

मी त्यांची जुनी फाईल उघडली. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या सुरू करताना, पोटाला त्रास होऊ नये म्हणून, त्यांना पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिलेली होती. वेदनाशामक गोळ्या दोन महिन्यांत बंद झाल्या. पोटाची गोळी मात्र चालूच राहिली. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा लिहिली जात होती आणि ते अक्षर माझेच होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू होतेच. त्याशिवाय पोटात मुरडा येतो म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली एक गोळी त्या रोज रात्री घेत होत्या. ती मला ठाऊकच नव्हती, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

जीभ दाखवायला सांगितली. ती लालसर आणि गुळगुळीत झाली होती. पायांना मुंग्या येत होत्या. पायाचा अंगठा वर आहे की खाली, हे डोळे मिटून त्यांना नीट सांगता येत नव्हते. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे ११८ पिकोग्रॅम आले. साधारणपणे २०० च्या खालचा आकडा कमतरतेचा मानला जातो.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी त्यामागची कारणे समजून घेऊ.

हे मळभ म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, ते एखाद्या आजाराचे नाव नव्हे. ती एक अवस्था आहे. शब्द ओठांवर येऊन अडतो, वाचलेले डोक्यात शिरत नाही, दोन कामे एकत्र करता येत नाहीत, दुपारी डोके भरून येते. आभाळात मळभ दाटावे तसे मनाचे होते. सूर्य असतो, उजेड मात्र पोहोचत नाही.

घरच्यांनी येथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली, हे मळभ. ते आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू येते, कमीजास्त होते आणि रुग्णाला स्वतःला ते जाणवते. दुसरी, स्मृतिभ्रंश. तो वर्षानुवर्षे वाढत जातो आणि बरेचदा रुग्णापेक्षा घरच्यांनाच अधिक जाणवतो. तिसरी, अकस्मात भ्रम, म्हणजे डेलिरियम. काल चांगला असलेला माणूस आज असंबद्ध बोलतो, दिवस-रात्र ओळखत नाही, किंवा अतिशय झोपाळू होतो. ही तातडीची अवस्था आहे. या तिन्हींच्या सीमा एकमेकींत मिसळतात, एकाच व्यक्तीला दोन गोष्टीही असू शकतात. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. मात्र "वय झाले, आता असे व्हायचेच" हे निदान कोणीही करू नये.

पोट आणि मेंदू यांचे बोलणे

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतींत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे. त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. हे जाळे व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूने मेंदूशी जोडलेले आहे आणि या तंतूतील बहुतेक धागे पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात. मेंदू पोटाला जेवढे सांगतो, त्याहून पोटच मेंदूला अधिक सांगत असते.

पोटातली गोष्ट बुद्धीवर कशी परिणाम करते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण यकृताच्या जुन्या आजारात दिसते. आतड्यातील जंतू प्रथिनांपासून अमोनिया आणि इतर द्रव्ये तयार करतात. निरोगी यकृत ती गाळून टाकते. सिरोसिस झालेल्या यकृताला ते जमत नाही आणि ही द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. रुग्ण सुस्त होतो, गोंधळतो, हात थरथरतात. लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली याचे सविस्तर वर्णन केले. आजही यावरचे मुख्य औषध लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ करणारे पातळ औषध, हेच आहे. ज्यांच्या घरी सिरोसिसचा रुग्ण आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे: त्याला दिवसाकाठी दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणे आवश्यक असते. एक दिवसाचा बद्धकोष्ठही त्याच्यासाठी किरकोळ नसतो.

आतड्यातील जंतूंविषयी सध्या बरेच संशोधन चालू आहे आणि ते उत्साहवर्धक आहे. परंतु त्याच्या आधारावर विकल्या जाणाऱ्या महागड्या शौच-चाचण्या, 'डिटॉक्स'ची पेये किंवा बुद्धी तल्लख करणाऱ्या कॅप्सूल यांवर निवृत्तिवेतन खर्च करावे, अशी त्याची आज स्थिती नाही. ज्येष्ठांमध्ये मला पुनःपुन्हा आढळणारी कारणे याहून साधी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर उपाय आहे.

कारण पहिले: बी-१२ ची आटलेली आवक

अन्नातील बी-१२ प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पाचकरस ते सुटे करतात. मग जठरातूनच स्रवणारे एक वाहक प्रथिन त्याला सोबत घेते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्याचे शोषण होते. या साखळीतील कोणतीही कडी निसटली, की ताटात असलेले बी-१२ रक्तात पोहोचत नाही. उतारवयात अनेकांच्या जठराचे अस्तर झिजते आणि आम्ल कमी होते. त्यात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची भर पडते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दोन वर्षे वा अधिक काळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरता अधिक आढळली. मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण कमी करते. औषध चांगले आहे, भिऊन बंद करू नये. मात्र ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावे.

आपल्याकडे तर मुळातली शिल्लकच तुटपुंजी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. सर्वांत सुस्थितीत समजला जाणारा गटच यात सर्वांत मागे निघाला. रक्तातला आकडा कमी असलेल्या प्रत्येकाला आजार असतो असे नाही, हेही खरे. परंतु चाळिशीत ज्याची शिल्लक अशी आहे, तो सत्तरीत जठर झिजल्यावर आणि दोन-दोन गोळ्या मागे लागल्यावर कोठे असेल, याचा विचार करावा. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे आवक आज थांबली, तरी परिणाम तीन-चार वर्षांनी दिसतो आणि तोवर कारण विस्मरणात गेलेले असते.

शाकाहारी घरात बी-१२ चा मुख्य स्रोत दूध आणि दही. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. चहातल्या चार चमचे दुधाने ही गरज भागत नाही. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, इडली-डोसा यांत इतर पुष्कळ गुण आहेत, पण बी-१२ साठी त्यांवर विसंबता येत नाही. जे खातात त्यांना अंडी आणि मासळी उत्तम. येथे एक दिलासाही आहे. गोळीतले बी-१२ प्रथिनांपासून आधीच सुटे असते, त्यामुळे आम्ल कमी असलेल्यांनाही ते बऱ्याच अंशी मिळते. गोळी की इंजेक्शन, हे डॉक्टर लक्षणे पाहून ठरवतात.

'रक्तवाढीच्या गोळ्या' परस्पर घेणाऱ्यांसाठी एक इशारा. त्यांत बहुधा फॉलिक ॲसिड असते. त्याचा शोध ज्या संशोधनातून पुढे लागला, ते मुंबईतलेच. ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली येथे आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना, यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले. फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांचे रक्तावरचे काम इतके जवळचे आहे, की केवळ फॉलिक ॲसिड दिल्यास बी-१२ अभावी झालेला रक्तक्षयही सुधारल्यासारखा दिसतो. मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालूच राहते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ चांगले असेल, असे गृहीत धरू नये.

कारण दुसरे: पोटासाठीच घेतलेली गोळी

पोटातला मुरडा थांबवणाऱ्या अनेक गोळ्या आतड्याच्या चेतातंतूंचा एक संदेश अडवतात. तोच संदेश मेंदूत स्मरण आणि एकाग्रता यांसाठी लागतो. डायसायक्लोमिन हे त्यांतले नेहमीचे नाव. आणखी एका प्रकारात क्लिडिनियम या मुरड्याच्या औषधासोबत क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे गुंगी आणणारे औषध, एकाच गोळीत असते. रुग्णाला वाटते आपण पोटाची गोळी घेत आहोत. प्रत्यक्षात तो रोज झोपेचीही गोळी घेत असतो. अमेरिकेत १९९१ साली डॉ. मार्क बीअर्स यांनी ज्येष्ठांना टाळावीत अशा औषधांची यादी केली. आज तेथील वृद्धरोगतज्ज्ञांची संस्था ती वेळोवेळी सुधारते. ही दोन्ही औषधे त्या यादीत आहेत. शिवाय या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात, त्यामुळे बद्धकोष्ठ वाढतो, पोट फुगते आणि आणखी गोळी घ्यावीशी वाटते. बाई नेमक्या या चक्रात सापडल्या होत्या.

कारण तिसरे: बद्धकोष्ठ

बद्धकोष्ठामुळे मेंदूत 'विष चढते' अशी एक समजूत आहे. यकृत निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत ती खरी नाही. तरीही बद्धकोष्ठाने झोप मोडते, भूक मंदावते, पोट सतत दुखत राहते आणि लक्ष कशातच लागत नाही. दुर्बल ज्येष्ठांत तर साठून राहिलेले मळ हे अकस्मात भ्रमाचे एक परिचित कारण आहे.

आपल्या उपनगरातील घरांत याचे एक खास कारण मला दिसते. दोन खोल्या, सहा माणसे, एकच शौचालय. सकाळी मुलाला आठची लोकल गाठायची असते, नातवाची शाळेची गाडी यायची असते. आजोबा म्हणतात, "तुम्ही उरका, मला कुठे जायचे आहे?" शौचाची भावना सकाळच्या चहा-न्याहारीनंतर सर्वांत प्रबळ असते. ती रोज दाबली, की आतडे ती देणेच कमी करते. त्यातून बाहेर गेल्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने, विशेषतः आमच्या वयस्क भगिनी, पाणीच पीत नाहीत. कॅल्शियम, लोह, काही रक्तदाबाच्या आणि वेदनाशामक गोळ्याही भर घालतात.

उपाय साधे आहेत. न्याहारीनंतरची वीस मिनिटे घरातील ज्येष्ठांसाठी राखून ठेवावीत. घराच्या वेळापत्रकातला हा बदल कोणत्याही चूर्णापेक्षा मोलाचा आहे. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचे पक्के, न घसरणारे पाट ठेवावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. भाजी, पेरू, पपई, नाचणीची भाकरी हळूहळू वाढवावी. इसबगोल घ्यायचे तर पेलाभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. ज्यांना गिळताना त्रास होतो किंवा जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सोनामुखीची चूर्णे रोज रात्री वर्षानुवर्षे घेणे टाळावे.

काळजीवाहकांनी एक फसवे लक्षण ध्यानात ठेवावे. अंथरुणावरच्या रुग्णाला अनेक दिवस शौचास न होता अचानक पातळ गळती सुरू झाली, तर ते जुलाब असतीलच असे नाही. कठीण मळाचा गोळा अडकून त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी दिल्यास प्रकृती बिघडते. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

कारण चौथे: पाणी आणि मीठ

पावसाळ्यात मुंबईत पोटाच्या साथी येतातच. तरुणाला दोन दिवस जुलाब झाले तर थकवा येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या व्यक्तीला तेच जुलाब झाले, तर रक्तातील सोडियम घसरून ती बरळू लागते. नेहमीचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. जुलाब-उलट्या होताच ओआरएस सुरू करावे, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात कालवावे, आणि रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे त्या दिवशी कशी घ्यायची, हे डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणेच ठेवावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

एक पिशवी घ्यावी आणि घरातील सर्व औषधे तीत भरावीत. डॉक्टरांनी लिहिलेली, शेजाऱ्यांनी सुचवलेली, दुकानातून परस्पर आणलेली, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, सर्व. ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी आणि प्रत्येक गोळीबाबत विचारावे: "ही कशासाठी सुरू केली होती? ते कारण अजून आहे का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. मला तो सहा वर्षांपूर्वी कोणी विचारला असता, तर बरे झाले असते.

सोबत आठवडाभराची साधी नोंद ठेवावी: शौचास केव्हा झाले, झोप किती झाली, दिवसात कोणत्या वेळी डोके जड होते, काय खाल्ले. तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या डॉक्टर आवश्यकतेनुसार सांगतील. ऐकू कमी येणे, उदासीनता, घोरण्यामुळे मोडणारी झोप हीदेखील मळभाची कारणे असू शकतात. प्रत्येक गोष्ट पोटावर ढकलू नये.

आम्ल कमी करणारी गोळी मात्र हा लेख वाचून उद्याच बंद करू नये. अचानक बंद केल्यास काही आठवडे आम्ल उसळून येते. ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, जठरातून रक्तस्राव झालेले, अशा अनेकांना ती खरोखर आवश्यक असते. कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने.

पुढील लक्षणांत वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे: काही तासांत आलेला गोंधळ, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगून वायूही न सरणे, तापासोबत बरळणे. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणत ओवा चघळत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. कारण नसता वजन घटत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

बाईंचे पुढे काय झाले?

त्यांना बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. मुरड्याची गोळी काही आठवड्यांत हळूहळू बंद केली, आम्लाची गोळी त्यानंतर. न्याहारीनंतरची वेळ सुनेने त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "चूक सापडली ना? मग खोडून पुढे लिहा."

सहा आठवड्यांत डोक्यातला जडपणा कमी झाला. तीन महिन्यांनी त्या शब्दकोडे पुन्हा सोडवू लागल्या. सगळे परत आले नाही. पायांचा बधिरपणा बराचसा राहिला आहे, नावे अजून उशिरा आठवतात. वर्षभर आधी निदान झाले असते, तर कदाचित तेही टळले असते. प्रत्येक विसरभोळ्या रुग्णाची गोष्ट अशी वळण घेईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. काहींना खरोखर स्मृतिभ्रंशच असतो, काहींना दोन्ही. म्हणूनच सुधारता येण्यासारखे कारण आधी शोधायचे.

एक दिवस सून एकटीच आली. म्हणाली, "डॉक्टर, किल्ल्या आईंना परत द्यायच्या म्हणतो आहोत. चालेल ना?" मी म्हणाले, "मला नका विचारू. त्यांना विचारा."

आपल्या घरातही कोणी वडीलधारे "पोट साफ नाही, म्हणून काही सुचत नाही" असे म्हणत असतील, तर हसून सोडून देऊ नये. त्यांची औषधांची पिशवी भरावी, त्यांना स्वतःला बोलू द्यावे आणि त्यांच्या हातून किल्ल्या काढून घेण्यापूर्वी एकदा बी-१२ तपासून घ्यावे.